फुटाला एक पौंड: ट्विकनहॅम स्टुडिओचं प्रकरण

१९३० च्या दशकात इंग्लंडमध्ये शेकडो स्वस्त बोलपट निघाले. ‘कोटा क्विकी’, म्हणजे कायद्याने ठरवलेला वाटा (कोटा) भरण्यासाठी घाईत उरकलेले चित्रपट, म्हणून ते हिणवले गेले, आणि पुढे बरीच वर्षं इतिहास लिहिणाऱ्यांनी त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. या चित्रपटांचा सर्वांत मोठा पुरवठादार होता लंडनच्या नैर्ऋत्येचा ट्विकनहॅम स्टुडिओ आणि त्याचा मालक ज्युलियस हेगन. स्वस्त चित्रपट काढून त्याने धंदा उभा केला, चांगले चित्रपट काढायला निघाला आणि बुडाला. ‘पायरी सोडली की असंच होतं’ असा या कथेचा अर्थ सहसा लावला जातो. मला तो पटत नाही. हेगन कुठल्या टप्प्यावर काय ठरवत गेला हे क्रमाने पाहिलं, तर चूक दुसरीकडेच सापडते.

पार्श्वभूमी

१९१४ मध्ये ब्रिटिश थिएटरांत लागणाऱ्या चित्रपटांपैकी साधारण पाव हिस्सा देशी होता. १९२६ पर्यंत तो पाच टक्क्यांवर आला. मधल्या काळात महायुद्धाने इंग्लंडमधली निर्मिती खिळखिळी केली होती. हॉलिवूडचा चित्रपट आपला खर्च अमेरिकेतल्या हजारो थिएटरांतून भरून काढायचा आणि मग परदेशात हव्या त्या भावाने विकला जायचा. शिवाय अमेरिकी वितरक थिएटरवाल्यांना एका गाजलेल्या चित्रपटासोबत दहा न पाहिलेले, कधीकधी न बनलेलेसुद्धा, चित्रपट घ्यायला लावत. थिएटरच्या तारखा वर्षभर आधीच भरलेल्या असत. ब्रिटिश निर्मात्याने चित्रपट बनवलाच, तर तो लावायला जागा कुठे होती?

म्हणून १९२७ चा सिनेमॅटोग्राफ फिल्म्स कायदा आला. आंधळ्या आगाऊ बुकिंगवर त्याने बंधनं घातली, आणि वितरक व थिएटरवाले दोघांनाही ब्रिटिश चित्रपटांचा ठरावीक वाटा बंधनकारक केला. सुरुवातीला वितरकांना साडेसात टक्के आणि थिएटरवाल्यांना पाच टक्के, पुढे चढत चढत दोघांनाही वीस टक्के.

‘ब्रिटिश चित्रपट’ ठरवण्याच्या अटी साध्या होत्या. कंपनी ब्रिटिश हवी, स्टुडिओतली दृश्यं साम्राज्यातल्या स्टुडिओत घेतलेली हवीत, कथा-पटकथा लिहिणारा ब्रिटिश प्रजाजन हवा आणि पगाराचा पाऊण हिस्सा ब्रिटिश प्रजाजनांच्या हातात पडायला हवा. किमान खर्चाची अट नव्हती, दर्जाची तर नव्हतीच. वाटा मोजायचा तो फुटांत. एखादा वितरक वर्षाला अमुक इतके फूट परदेशी फिल्म आणत असेल, तर त्या प्रमाणात त्याने इतके फूट ब्रिटिश फिल्म उचलायची. पुढचं सगळं रामायण या एका तरतुदीतून घडलं.

इथे आपल्याकडची एक गोष्ट आठवते. अटींमध्ये ‘साम्राज्य’ असल्यामुळे हा प्रश्न मुंबईपर्यंतही पोचला होता. १९२७-२८ मध्ये टी. रंगाचारी यांच्या अध्यक्षतेखालच्या इंडियन सिनेमॅटोग्राफ कमिटीला, हिंदुस्थानातही साम्राज्यातल्या चित्रपटांना झुकतं माप द्यावं का, हे तपासायला सांगितलं होतं. दादासाहेब फाळके यांनीही या समितीपुढे साक्ष दिली. समितीने ती कल्पना नाकारली. अमेरिकी चित्रपटांचं ओझं काढून ब्रिटिश चित्रपटांचं लादल्याने हिंदी निर्मात्याच्या पदरात काय पडणार, असा तिचा रोख होता. मदत करायची तर ती इथल्या चित्रपटांना करा, असं तिने सुचवलं. सरकारने मात्र ते मनावर घेतलं नाही.

अडचण

लंडनमध्ये कार्यालयं असलेल्या अमेरिकी वितरण कंपन्यांना ब्रिटिश चित्रपट घेणं आता भाग होतं, पण तो चालला काय, पडला काय, त्यांचं काहीच अडत नव्हतं. उलट चांगला चालणारा ब्रिटिश चित्रपट म्हणजे त्यांच्याच मालाला स्पर्धा. त्यांना हवे होते फक्त फूट, तेही कमीत कमी पैशांत. यातून बाजारात एक दर पडला: फुटाला एक पौंड.

हिशोब असा. बोलपटाची फिल्म सेकंदाला चोवीस चौकटी या वेगाने धावते, म्हणजे मिनिटाला नव्वद फूट. सहा हजार फुटांचा चित्रपट सदुसष्ट मिनिटांच्या आसपास भरतो आणि त्याचे सहा हजार पौंड मिळतात. कलाकार, कामगार, सेट, कच्ची फिल्म, प्रयोगशाळा, ध्वनियंत्रणेचं भाडं हे सगळं त्यातूनच भागवायचं आणि उरेल तो नफा. रक्कम एकठोक असल्यामुळे चित्रपट कितीही चालला तरी निर्मात्याला वर एक पेनीही मिळत नसे.

त्यात नेमका याच वेळी आवाज आला. १९२९ मध्ये हिचकॉकचा ‘ब्लॅकमेल’ बोलपट म्हणून झळकला आणि मूकपटांचे स्टुडिओ एका वर्षात जुने झाले. मूकपटाच्या काळात दिग्दर्शक कॅमेरा फिरत असतानाच नटाला ओरडून सूचना देऊ शकत होता, शेजारच्या सेटवर सुतार ठोकाठोक करत असला तरी बिघडत नव्हतं. आता भिंतींना आवाजबंदी हवी होती, कॅमेऱ्याची घरघर कोंडून ठेवायला पेटी हवी होती, चळचळणाऱ्या आर्क दिव्यांऐवजी शांत दिवे हवे होते. ट्विकनहॅमचा स्टुडिओ १९१३ मध्ये बर्फावरच्या स्केटिंगसाठी बांधलेल्या जागेत सुरू झाला होता आणि शेजारून रेल्वेमार्ग जात होता. आवाजाच्या चित्रीकरणाला याहून गैरसोयीची जागा शोधून सापडली नसती.

समोरचे पर्याय

वितरणाच्या धंद्यातून आलेला हेगन १९२० च्या दशकाच्या अखेरीस निर्मितीत शिरला. त्याच्यापुढे ढोबळमानाने तीन वाटा होत्या.

वर्षाकाठी दोन-तीन दमदार चित्रपट काढायचे आणि खुल्या बाजारात विकायचे, ही पहिली. त्यासाठी भांडवल लागलं असतं आणि ते त्याच्याकडे नव्हतं. गोमाँ-ब्रिटिश किंवा ब्रिटिश इंटरनॅशनल पिक्चर्ससारख्या बड्या समूहाच्या आसऱ्याला जायचं, ही दुसरी. त्यांच्याकडे स्टुडिओ, वितरण आणि थिएटरांची साखळी असं तिन्ही होतं, पण तिथे तो नोकर झाला असता. तिसरी वाट म्हणजे अमेरिकी कंपन्यांची कंत्राटं घ्यायची आणि खर्च इतका खाली आणायचा की फुटामागे एका पौंडातही काही शिल्लक राहील.

त्याने तिसरी धरली. आज यावर नाक मुरडणं सोपं आहे. पण गिऱ्हाईक आधी ठरलेलं, रक्कम आधी ठरलेली, आणि गिऱ्हाईक कायद्याने बांधलेलं! चित्रपटाच्या धंद्यातली सर्वांत मोठी जोखीम म्हणजे बनवलेला चित्रपट डब्यात पडून राहणं. कंत्राटाने ती जोखीम शून्यावर आणली होती. भांडवल नसलेल्या माणसासाठी हा निर्णय बरोबर होता, आणि पहिली पाच-सहा वर्षं त्याने तो उत्तम निभावला.

काय केलं

हेगनने स्टुडिओ दिवस-रात्र चालवला. एक दिग्दर्शक आणि त्याची मंडळी संध्याकाळी बाहेर पडली की दुसरी आत येत. सेट तोच असे. पडदे, रंग आणि फर्निचर बदललं की वकिलाची कचेरी डॉक्टरचा दवाखाना होई. एक चित्रपट साधारण दोन आठवड्यांत हातावेगळा होई. तरुण मायकेल पॉवेलने १९३५ चा ‘लेझीबोन्स’ याच स्टुडिओत रात्रीच्या पाळीत चित्रित केला.

कायमची माणसं ठेवली, हेही महत्त्वाचं. पटकथेला एच. फाउलर मिअर, नेपथ्याला जेम्स कार्टर, कॅमेऱ्यामागे सिडनी ब्लाइद, संगीताला डब्ल्यू. एल. ट्रायटेल. लेस्ली हिस्कॉट, हेन्री एडवर्ड्‌स, मॉरिस एल्वी हे दिग्दर्शक आलटून पालटून काम करत. एकमेकांची सवय असलेल्या चमूचा फायदा असा की सेटवर वाद होत नाहीत आणि पहिलाच टेक चालतो. तोटाही त्यातच आहे. एकच लेखक बहुतेक पटकथांवरून हात फिरवणार असेल, तर हळूहळू सगळ्या पात्रांच्या तोंडी एकच भाषा येते.

कथा निवडतानाही हिशोब असे. रंगभूमीवर चाललेलं नाटक घेतलं की संवाद तयार मिळत आणि प्रसंग दोन-तीन खोल्यांत बसत. वेस्ट एंड या लंडनच्या नाट्यगृहांच्या भागातले नट रात्री नाटकात आणि दिवसा स्टुडिओत असं दोन्ही करू शकत. लंडनमध्ये रंगभूमी आणि स्टुडिओ यांच्यात तासाभराचंच अंतर होतं, ही सोय हॉलिवूडला नव्हती. रहस्यकथा तर हुकमी. १९३१ मध्ये इथे आर्थर वाँटनरला शेरलॉक होम्स करून ‘द स्लीपिंग कार्डिनल’ निघाला, आणि त्याच वर्षी ‘अ‍ॅलिबाय’मध्ये ऑस्टिन ट्रेव्हरने अगाथा ख्रिस्तीचा प्वारो पडद्यावर आणला.

एक चित्रपट जवळून

या दराने बनलेला चित्रपट नेहमी रद्दीच असायचा, हा समज तपासायचा तर १९३३ चा ‘द घोस्ट कॅमेरा’ पाहावा. हेगनच्या रिअल आर्ट या कंपनीने तो रेडिओ पिक्चर्स या अमेरिकी वितरकासाठी बनवला. दिग्दर्शक होता अमेरिकेतून आलेला बर्नार्ड व्होरहाउस. सुट्टीहून परतलेल्या एका साध्याभोळ्या रसायनतज्ज्ञाच्या सामानात कुणाचा तरी कॅमेरा येतो. तो त्यातली फिल्म धुतो, तर एका चित्रात खून दिसतो, दुसऱ्यात एक मुलगी. त्या मुलीला शोधायला तो निघतो.

लांबी तासाच्या थोडी पुढे. पटकथा मिअरचीच. मुलीच्या भूमिकेत आयडा लुपिनो, तिच्या भावाच्या भूमिकेत जॉन मिल्स, दोघंही तेव्हा नवखे. संकलक होता डेव्हिड लीन, जो पुढे ब्रिटिश सिनेमातलं एक मोठं नाव झाला. चित्रपट पाहताना पैशांची टंचाई लपत नाही. काही संवाददृश्यं अगदी नाटकासारखी सपाट आहेत. पण व्होरहाउस कॅमेरा हलवतो, मोकळ्या हवेत नेतो, आणि कथेतल्या फोटोंचाच वापर पुढचा प्रसंग उघडण्यासाठी करतो. लीनचं संकलन कुठे रेंगाळत नाही. जिथे पैसा नव्हता तिथे विचार होता.

मला यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. दर सगळ्यांना सारखाच होता, लेखकही तोच, स्टुडिओही तोच. तरी दिग्दर्शक आणि संकलक बदलला की चित्रपट बदलत होता. म्हणजे दर्जा वाढवण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग हेगनच्या स्वतःच्या छपराखाली होता. त्याला तो दिसलाही असावा, कारण व्होरहाउसला त्याने पुढेही काम दिलं. १९३५ चा ‘द लास्ट जर्नी’ हा आगगाडीत घडणारा थरारपट त्याचाच.

पण असे चित्रपट कुणी पाहिले? लंडनमधल्या काही बड्या थिएटरांत कोट्याचे चित्रपट सकाळी झाडलोट चालू असताना दाखवून वाटा पुरा केला जाई, असं त्या काळच्या लोकांनी सांगून ठेवलं आहे. दुसरीकडे छोट्या गावांतल्या आणि कामगारवस्त्यांतल्या थिएटरांत दोन चित्रपटांच्या खेळात ते लागत आणि आपल्या बोलीतली माणसं पडद्यावर ऐकायला प्रेक्षक येतही. निर्मात्याला मात्र या दोन्ही प्रेक्षकांचा काही उपयोग नव्हता. पैसे ट्रेड शोच्या, म्हणजे थिएटरवाल्यांसाठी होणाऱ्या खास खेळाच्या, आधीच ठरलेले होते. लोकांना काय आवडलं हे त्याच्यापर्यंत गल्ल्यातून परत येण्याचा रस्ताच नव्हता.

निर्णयाचा दुसरा क्षण

१९३३ मध्ये दोन गोष्टी घडल्या. हेगनने मॉरिस एल्वीच्या दिग्दर्शनाखाली, कॉनराड फाइट या नटाला घेऊन ‘द वाँडरिंग ज्यू’ हा त्याच्या मानाने भव्य चित्रपट काढला. गोमाँ-ब्रिटिशच्या वितरणातून तो थिएटरांत गेला आणि हेगनकडे लोक गंभीरपणे पाहू लागले. त्याच वर्षी निर्माता-दिग्दर्शक अलेक्झांडर कोर्डाच्या आठव्या हेन्रीवरच्या चित्रपटाने न्यूयॉर्क जिंकलं. लंडनच्या सिटीतले, म्हणजे तिथल्या वित्तपेठेतले, बँकवाले आणि विमा कंपन्या चित्रपटांसाठी पैसे घेऊन उभ्या राहिल्या.

शिवाय पायाखालची वाळूही सरकत होती. वॉर्नरने १९३१ मध्येच टेडिंग्टनला स्वतःचा स्टुडिओ घेऊन आपले कोट्याचे चित्रपट आपणच काढायला सुरुवात केली होती. फॉक्सने वेम्बलीत तेच केलं. कंत्राटदाराचं गिऱ्हाईकच कंत्राटदार होऊ लागलं होतं. कायद्याची मुदतही १९३८ मध्ये संपणार होती, आणि क्विकींविरुद्धचा आरडाओरडा पाहता नवा कायदा असाच राहील याची खात्री नव्हती. स्वस्त मालाचा धंदा सोडायला हवा, हे हेगनचं निदान अचूक होतं, हे मला ठासून सांगायचं आहे.

त्यावर इलाज म्हणून त्याने १९३५ च्या सुमारास जे केलं, ते असं. ट्विकनहॅम फिल्म डिस्ट्रिब्यूटर्स ही स्वतःची वितरण कंपनी काढली. एल्स्ट्रीचा व्हाइटहॉल स्टुडिओ विकत घेतला. हॅमरस्मिथचा रिव्हरसाइड स्टुडिओही हाताखाली घेतला. चित्रपटांचा खर्च वाढवला, नजर अमेरिकेच्या बाजारावर ठेवली. सीमोर हिक्सला घेऊन ‘स्क्रूज’ काढला. ‘ब्रोकन ब्लॉसम्स’ नव्याने काढायचं ठरवून मूळ चित्रपटाचा दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ यालाच इंग्लंडला बोलावलं; मतभेद झाले, ग्रिफिथ निघून गेला आणि चित्रपट जॉन ब्राहमने पूर्ण केला. हे सगळं कर्जावर चाललं होतं.

परिणाम

जानेवारी १९३७ मध्ये ट्विकनहॅमवर रिसीव्हर, म्हणजे बुडीत कंपनीचा कारभार ताब्यात घेणारा माणूस, बसला. थिएटरांच्या मोठ्या साखळ्या गोमाँ-ब्रिटिश आणि असोसिएटेड ब्रिटिशच्या ताब्यात होत्या, आणि त्यांच्याकडे दाखवायला स्वतःचे चित्रपट होते. हेगनच्या नव्या वितरण कंपनीला चांगल्या तारखा मिळणं कठीणच होतं. अमेरिकेतही तेच: तिथली थिएटरं तिथल्या स्टुडिओंच्या हातात. ज्या अमेरिकी कंपन्यांना तो काल माल पुरवत होता, त्यांच्याशीच आज स्पर्धा करत होता. त्याच वर्षी सिटीचा पैसा एकाएकी आटला आणि कोर्डासह सगळा ब्रिटिश धंदा मंदीत गेला. हेगन पहिल्या लाटेतच बुडाला.

तो पुन्हा उभा राहिला. ट्विकनहॅम परत मिळवून त्याने कोट्याच्या कामाला हात घातला. पण १९३८ च्या नव्या कायद्याने किमान खर्चाची अट आणली: कोट्यात धरला जायचा तर चित्रपटावर मजुरीचेच किमान साडेसात हजार पौंड खर्च झालेले हवेत. पूर्वी सगळ्या चित्रपटाला मिळून जी रक्कम मिळत होती, तिच्याहून हे जास्त. क्विकीचा बाजार एका कलमाने बंद झाला. हेगन दुसऱ्यांदा बुडाला आणि १९४० मध्ये वारला.

चित्रपटांचं काय झालं? एकठोक विकलेली फिल्म कोटा भरून झाला की कुणाच्याच कामाची नव्हती. तेव्हाच्या ज्वालाग्राही नायट्रेट फिल्मचे डबे साठवायला जागा लागते आणि आगीची भीती असते, म्हणून अनेक नाहीसे झाले. वाँटनरचा होम्स असलेला १९३२ चा ‘द मिसिंग रेम्ब्रां’ आज उपलब्ध नाही.

वेगळं काय करता आलं असतं

सर्वांत मोठी संधी १९३३ ते १९३५ या काळात होती. हेगनने माल, गिऱ्हाईक आणि भांडवलाचा स्रोत या तिन्ही गोष्टी एकदम बदलल्या. मोठा चित्रपट काढायला हरकत नव्हती. ‘द वाँडरिंग ज्यू’ ज्या पद्धतीने काढला, म्हणजे थिएटरं हातात असलेल्या समूहाला वितरण देऊन, त्याच पद्धतीने वर्षाला एखाददुसरा काढता आला असता. बाकीचं वर्ष कंत्राटांवर चाललं असतं. यात गोमाँ-ब्रिटिशवर अवलंबून राहावं लागलं असतं, आणि त्याला नेमकं तेच नको होतं. स्वतःचं वितरण हवं ही त्याची ओढ मला समजते. पण वितरण कंपनी म्हणजे कागद आणि विक्रेते. थिएटर नसेल तर तिच्या हातात विकायला असतं काय? स्टुडिओंवर घातलेला पैसा त्याने थिएटरांत घातला असता, लहान गावांतली का होईना, तर त्याच्या चित्रपटांना निदान हक्काची जागा मिळाली असती.

दुसरी गोष्ट हक्कांची. फुटाला एक पौंड हा भाव बदलणं त्याच्या हातात नव्हतं. पण इतक्या वर्षांच्या पुरवठादाराला, काही वर्षांनंतर हक्क परत मिळावेत किंवा अमुक रकमेच्या वरच्या गल्ल्यात वाटा मिळावा, एवढं मागता आलं असतं. होम्ससारखी मालिका न्यूयॉर्कमध्येही चालली होती. तिच्यापुरती तरी ही मागणी अवाजवी ठरली नसती. १९३७ मध्ये रिसीव्हर आला तेव्हा स्टुडिओच्या भिंती आणि यंत्रं यांच्याशिवाय तारण म्हणून दाखवण्यासारखं त्याच्याजवळ फारसं काही नव्हतं.

आणि तिसरी, स्वस्तातली सुधारणा. मिअरवरचा भार हलका करून दुसरे दोन लेखक ठेवले असते, व्होरहाउससारख्यांना आठवडाभर जास्त दिला असता, तर खर्च काही शे पौंडांनी वाढला असता. १९३६ मध्ये सरकारने नेमलेल्या मॉइन समितीने कोट्यासाठी दर्जाची कसोटी लावण्याची शिफारस केली. ती कायद्यात आली नाही, तिच्या जागी खर्चाची अट आली. त्या वेळी कमी खर्चात चांगलं काम करणाऱ्यांची बाजू मांडायला भक्कम पुरावा हवा होता. ‘द घोस्ट कॅमेरा’सारखे वीस-पंचवीस चित्रपट हाताशी असते, तर ट्विकनहॅमला तो समितीपुढे ठेवता आला असता. तसे चित्रपट बनवण्याची कुवत असलेली माणसं त्याच्या पगारपत्रकावर होती.